अनुशेष: जिल्ह्याचा आणि घराचा



प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ साली महाराष्ट्राच्या प्रादेशिक असमतोलाला पहिल्यांदा रुपयांत आकडा दिला. राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६ कोटी ७८ लाख रुपये. त्यात विदर्भाचा सुमारे ३९ टक्के, मराठवाड्याचा साडेतेवीस टक्के आणि उर्वरित महाराष्ट्राचा ३७ टक्के. तेव्हापासून चाळीस वर्षे विधिमंडळात, वर्तमानपत्रांत आणि निवडणुकीच्या सभांत या आकड्याच्या पुढच्या आवृत्त्यांवर भांडण चालू आहे. १९९४ची स्थिती धरून नव्याने मोजदाद झाली तेव्हा तो चौदा हजार कोटींच्या घरात गेला, आणि त्यातला निम्म्याहून अधिक एकट्या सिंचनाचा निघाला. हे भांडण ज्या मापावर उभे आहे ते माप खोटे नाही, पण अपुरे आहे, आणि त्या अपुरेपणाने धोरणाचा रोखच बदलला, एवढे मला आज मांडायचे आहे. आपण प्रदेशाप्रदेशांतल्या कामांची तफावत मोजत राहिलो. एकाच तालुक्यातल्या दोन घरांच्या मिळकतीत अंतर का पडते आणि ते पाडण्यात सरकारच्या पैशाचा हात किती, हे मोजायचे राहून गेले. त्यामुळे विकासाची म्हणून जी धोरणे आखली गेली त्यांतल्या काहींनी ग्रामीण विषमता कमी न करता पक्की केली. आणि जिने ती थोडीफार सैल केली त्या एका योजनेला आपण विकासाच्या खात्यात धरलेच नाही, मदतकार्याच्या खात्यात टाकले.

या मापाचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो न सांगता टीका करणे अन्यायाचे होईल. संयुक्त महाराष्ट्रात आपले कसे होणार ही धास्ती विदर्भ-मराठवाड्याच्या पुढाऱ्यांना राज्य होण्याआधीपासून होती. २८ सप्टेंबर १९५३च्या नागपूर कराराने तिला उत्तर दिले: निधीचे वाटप लोकसंख्येच्या प्रमाणात होईल आणि मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे विशेष लक्ष दिले जाईल. १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१(२) आला आणि विकास मंडळांची सोय घटनेतच झाली. मंडळे प्रत्यक्षात आली ती मात्र १९९४ साली, म्हणजे अडतीस वर्षांनी. मधल्या काळात पैसा कुठे गेला याची चौकशी दांडेकर समितीने केली. तिची पद्धत साधी आणि पारदर्शक होती. जिल्हा हा घटक धरायचा. रस्ते, सिंचन, वीज, शाळा, दवाखाने, पाणीपुरवठा अशा प्रत्येक क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची. जो जिल्हा सरासरीच्या खाली त्याला सरासरीवर आणायला किती खर्च येईल ते मांडायचे. या पद्धतीचे मोठे श्रेय असे की तिने भावनेचा वाद हिशेबावर आणला. ‘उर्वरित महाराष्ट्र’ म्हणजे सगळीकडे सुकाळ, हा समजही तिने मोडला. ३७ टक्के अनुशेष कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यातही होता. पुढे डॉ. विजय केळकर समितीने २०१३च्या अहवालात जिल्ह्याऐवजी तालुका हा घटक घेतला तेव्हा हे आणखी स्पष्ट झाले. सातारा जिल्हा सरासरीने बरा दिसतो, पण माण-खटाव बरे नाहीत. सांगली बरी, जत-आटपाडी नाहीत.

जिल्ह्यावरून तालुक्यावर आलो, हे योग्यच झाले. पण त्याच दिशेने आणखी एक पाऊल टाकले असते तर आपण घरापर्यंत पोचलो असतो, आणि तिथे सगळे चित्र बदलते. गंमत अशी, की ते पाऊल कसे टाकायचे हे खुद्द दांडेकरांना चांगलेच ठाऊक होते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत त्यांनी आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्याचा जो अभ्यास केला, त्यात घरटी उपभोग-खर्च हेच माप होते. वाढीचे फायदे वरच्या थरांत अडकतात, जमिनीचे फेरवाटप सगळ्यांना पुरणार नाही, म्हणून तळच्या लोकांना सार्वजनिक कामांवर रोजगार द्यावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे महाराष्ट्रातल्या एकाच थोर अर्थशास्त्रज्ञाकडे दोन मापे होती. १९७१चे माप माणसाला लावलेले, १९८४चे प्रदेशाला. राजकारणाने दुसरे उचलले. त्याचे कारण उघड आहे. प्रदेशाच्या अनुशेषावर सगळे आमदार एकत्र येऊ शकतात, कारण त्यात बागायतदार आणि त्याच्या शेतावर रोजाने जाणारी बाई एकाच बाजूला दिसतात.

आता कोणी म्हणेल, कामे राहू द्या, दरडोई उत्पन्न घ्या. ते तर जिल्हावार दरवर्षी आर्थिक पाहणीत छापले जाते. घेऊ. मुंबई, ठाणे, पुणे यांचे दरडोई उत्पन्न नंदुरबार, वाशीम, गडचिरोलीच्या दुपटीहून जास्त आहे, काही वर्षी तिपटीच्या जवळ जाते. हे अंतर खरे आहे. पण जिल्ह्याचे उत्पन्न म्हणजे त्या जिल्ह्यात जे पिकले, खणले, तयार झाले त्याचे मूल्य. तिथल्या लोकांच्या हातात काय पडले याच्याशी त्याचा संबंध सैल असतो. चंद्रपूर घ्या. कोळशाच्या खाणी आहेत, सिमेंटचे कारखाने आहेत, २,९२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र आहे. या सगळ्याचे मूल्य चंद्रपूरच्या नावावर चढते. वीज राज्याच्या जाळ्यात जाते, नफा आणि घसारा कंपन्यांच्या मुख्यालयांत जातो. जिल्ह्यात राहते ती मजुरी, थोडा स्थानिक धंदा आणि राख. कागदावर चंद्रपूर विदर्भातल्या बऱ्या जिल्ह्यांत बसते, आणि त्याच जिल्ह्यातल्या जिवती-पोंभुर्ण्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याला त्या सरासरीतला एक पैसाही दिसत नाही. गडचिरोलीत आता लोहखनिज निघू लागले आहे. तिथलाही आकडा वर जाईल, आणि तो वर गेला की अनुशेष कमी झाला असे जाहीर करण्याचा मोह होईल. त्या मोहापासून आताच सावध राहिलेले बरे.

ग्रामीण महाराष्ट्रात मिळकत ठरवणारी पहिली गोष्ट पाणी. इथे मला थोडे रेंगाळायचे आहे. १९५० साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि प्रा. धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हा ती खरोखर क्रांतिकारक गोष्ट होती. सावकार आणि खासगी कारखानदार यांच्या हातातून प्रक्रिया उद्योग शेतकऱ्याच्या हाती आला. सरकारने भागभांडवल दिले, कर्जाला हमी दिली, परवाने दिले. कालव्याचे पाणी होतेच, ते वाढत गेले. या सगळ्या धोरणाचा आधार एकच होता: ज्याच्याकडे जमीन आणि तिला पाणी, तो सभासद. सहकाराने सभासदांत बरीच समता आणली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण सभासद आणि बिगरसभासद यांच्यातली भिंतही त्याने उंच केली. राज्याच्या लागवडीपैकी जेमतेम पाच-सहा टक्के क्षेत्रावर असलेला ऊस सिंचनाच्या पाण्याचा निम्म्याहून कितीतरी मोठा वाटा पितो. धरण सरकारच्या पैशाने होते, म्हणजे बांद्र्यातल्या करदात्याच्या आणि धडगावातल्या काडेपेटीवरच्या कराच्या पैशाने. त्याचे पाणी जमिनीच्या एकरांनुसार वाटले जाते. ज्याची जमीन जास्त त्याला अनुदान जास्त, ज्याची नाही त्याला शून्य. १९७०-७१ साली राज्यातली सरासरी धारणा ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली. २०११च्या जनगणनेत शेतमजुरांची संख्या शेतकऱ्यांपेक्षा जास्त निघाली. अशा समाजात एकरावर अनुदान देणारे धोरण विषमता वाढवणारच. त्यासाठी कोणाच्या मनात वाईट हेतू असण्याची गरज नाही.

आणि हे फक्त पश्चिम महाराष्ट्रात घडले असे समजू नका. पैठणचे जायकवाडी धरण मराठवाड्यासाठी झाले. वरच्या बाजूला नाशिक-नगरच्या धरणांनी पाणी अडवले, तेव्हा समन्यायी वाटपाची लढाई झाली. २००५च्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आले, मेंढेगिरी समिती झाली, आणि पावसाळ्याअखेर जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचे हे सूत्र २०१४ साली ठरले. प्रदेश विरुद्ध प्रदेश या न्यायाने मराठवाडा जिंकला, आणि तो जिंकायलाच हवा होता. पण ते पाणी धरणाखाली आल्यावर कुणाच्या शेतात गेले? तिथेही कालव्याच्या शिरावर ऊस उभा राहिला आणि शेपटाच्या गावांना आवर्तनाची वाट पाहावी लागली. आठमाही सिंचनाचे धोरण कागदावर राहिले. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले; तो जिल्हाही साखर कारखान्यांचाच आहे. नगरच्या बागायतदाराविरुद्ध जो न्याय मराठवाड्याने मागितला तोच न्याय मराठवाड्यातल्या शेपटाच्या शेतकऱ्याने आपल्याच शिरावरच्या बागायतदाराविरुद्ध मागितला, तर त्यासाठी विकास मंडळात कोणते खाते होते? एकही नव्हते. अनुशेषाच्या तक्त्यात लातूर एका ओळीत संपते.

उसाच्या याच व्यवस्थेचे दुसरे टोक बीड, पाथर्डी, जत या भागांत सापडते. दसरा-दिवाळीच्या सुमारास तिथून लाखो माणसे ऊसतोडीला निघतात. हिशेबाचा घटक असतो ‘कोयता’: नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. पावसाळ्यातच मुकादम येऊन उचल देऊन जातो. ती उचल लग्नात, दवाखान्यात, बियाण्यात संपते आणि हंगामभर टनामागच्या मजुरीतून कापली जाते. फिटली तर ठीक, न फिटली तर पुढच्या वर्षीच्या हिशेबात चढते. कारखान्याशी करार मुकादमाचा किंवा वाहतूकदाराचा; मजुराचे नाव कारखान्याच्या हजेरीवर नसते, म्हणून भविष्यनिर्वाह निधी नाही, बाळंतपणाची रजा नाही, खाडा झाला तर उलट दंड. राहायला फडाजवळची कोप, वरकमाई म्हणजे विकलेले वाढे. टनाचा दर वाढवून घेण्यासाठी संप करावा लागतो आणि करार काही वर्षांनी एकदा होतो. या माणसांतल्या पुष्कळांच्या नावावर गावाकडे दोन-तीन एकर जमीन आहे. ती कोरडी आहे म्हणून ते इथे आहेत. एका खोऱ्यात पाणी दिल्याने ऊस तयार झाला आणि दुसऱ्या भागात न दिल्याने तो तोडणारा मजूर तयार झाला. साखरेच्या पोत्याच्या किमतीत दोन्ही आहेत. हे प्रादेशिक विषमतेचे उदाहरण म्हणायचे की वर्गीय? मला हा प्रश्नच निरर्थक वाटतो. दोन्ही एकाच धोरणाच्या दोन बाजू आहेत आणि अनुशेषाच्या मापात त्यांतली एकही बसत नाही.

उसाशी कापूस-सोयाबीन ताडून पाहा, म्हणजे धोरण मिळकत कशी घडवते ते हाताला लागते. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर पंधरा टक्के व्याज. थकवले तर साखर आयुक्त महसुली वसुलीची कारवाई करू शकतात. ती नेहमी होते असे नाही, राजकारण आडवे येते. पण शेतकऱ्याच्या हातात कायद्याचा आधार आहे. सोयाबीनला हमीभाव आहे, तो जाहीर होतो. २०२४च्या हंगामात तो ४,८९२ रुपये होता आणि बाजार समित्यांत चार हजाराच्या आगेमागे सौदे होत होते. हमीभावाने विकायचे तर आधी नोंदणी, मग खरेदी केंद्राच्या निरोपाची वाट, मग ओलावा मोजणार, मग बारदाना संपलेला. ज्याच्या घरात पाडव्यापर्यंत माल ठेवायची ताकद आहे तो थांबतो. ज्याला दिवाळीआधी दुकानदाराचे देणे चुकवायचे आहे तो आडत्याकडे जातो. म्हणजे हमीभावाचासुद्धा फायदा कोरडवाहूतल्या वरच्या थराला आधी. कापसाचे तर आणखी दूरवर ठरते. २०२५च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कापसावरचे अकरा टक्के आयातशुल्क काढले आणि सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली, ऐन वेचणीच्या दिवसांत. सूतगिरण्यांची आणि निर्यातदारांची अडचण खरी होती. पण यवतमाळच्या शेतकऱ्याच्या वर्षाच्या मिळकतीवर अशा एका अधिसूचनेचा जेवढा परिणाम होतो तेवढा त्याच्या जिल्ह्याला मिळालेल्या कित्येक वर्षांच्या अनुशेष-निधीचा होत नसेल. तिला प्रादेशिक धोरण कोणी म्हणत नाही, इतकेच. जुने उदाहरण द्यायचे तर पोलादावरच्या समान वाहतूक-भाड्याचे. १९५०च्या दशकापासून सुमारे चार दशके पोलाद जमशेदपूरला ज्या भावाने मिळे त्याच भावाने मुंबईला मिळे. बिहार-ओरिसाचा खाणीजवळ असण्याचा फायदा त्याने पुसला आणि मुंबई-पुण्याच्या अभियांत्रिकी उद्योगाला हातभार लागला. विदर्भाच्या अन्यायावर बोलताना महाराष्ट्र दुसऱ्या राज्यांच्या जिवावर काय मिळवून बसला तेही लक्षात ठेवायला हवे.

उद्योगांबद्दल थोडक्यातच बोलतो, कारण तिथे आशा जितकी मोठी तितका हिशेब लहान आहे. १९६२ला औद्योगिक विकास महामंडळ झाले, १९६४ला सामूहिक प्रोत्साहन योजना आली. तालुक्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडून जितका मागास तितकी सवलत मोठी, ही कल्पना चांगली होती, आणि छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजसारख्या ठिकाणी तिने नवे औद्योगिक शहर उभे केले. पण सवलत प्रामुख्याने यंत्र-इमारतीतल्या गुंतवणुकीवर मोजली गेली. जो कमी माणसांत जास्त यंत्रे लावील त्याचा परतावा मोठा. मागास भागात रोजगार हवा म्हणून दिलेले पैसे रोजगार वाचवणाऱ्यांना जास्त मिळाले. वाळूजच्या भोवतीच्या तालुक्यांत शेतमजुरीवर त्याचा परिणाम झाला तो थोड्याच अंतरापर्यंत.

इथे दोन आक्षेप येतात. पहिला सिंचनवाद्यांचा: मागास भागाला आधी पाणी तर द्या, मग कुणाला मिळाले ते पाहू. माझे उत्तर असे की पाणी द्यायलाच हवे, पण ‘मग पाहू’ची किंमत आपण मोजलेली आहे. गोसीखुर्दची पायाभरणी १९८८ साली झाली तेव्हा अपेक्षित खर्च ३७२ कोटी होता. तो अठरा हजार कोटींच्या पुढे गेला आणि अडीच लाख हेक्टरांचे स्वप्न अजून अपुरे आहे. २०१२ साली सिंचनावर श्वेतपत्रिका काढावी लागली, कारण खर्च झालेली रक्कम आणि प्रत्यक्ष भिजलेली जमीन यांचा मेळ बसेना. अनुशेष खर्चात मोजला की खर्च वाढवणे हेच यश ठरते. धरणाची भिंत उभी राहिली की भौतिक अनुशेष कमी झाल्याची नोंद होते, चाऱ्या खोदल्या नाहीत तरी. ठेकेदाराला हे माप सोयीचे आहे आणि पुढाऱ्यालाही. ज्या प्रदेशाच्या नावाने पैसा आला त्या प्रदेशातल्या साध्या माणसाला मात्र भिंत दिसते आणि पाणी दिसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो अर्थशास्त्राच्या मुख्य प्रवाहातून येतो. उद्योग एकवटतात तिथेच उत्पादकता वाढते. मुंबई-पुण्याला वाढू द्या, माणसे तिकडे जातील, गावाकडची जमीन कमी माणसांत वाटली जाईल, अंतर आपोआप घटेल. विकास माणसांचा करायचा, मातीचा नव्हे. या म्हणण्यात मोठे तथ्य आहे आणि त्याचा पुरावा कोकणात आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गाची घरे कित्येक पिढ्या गिरणगावातून येणाऱ्या मनिऑर्डरीवर चालली. पण ते का जमले ते नीट पाहायला हवे. गिरणीतली नोकरी कायम होती, संघटना होती, फंड होता, आजारपणात रजा होती. चाकरमान्याने गावी पाठवलेला पैसा शाळेवर खर्च होऊ शकला, कारण पुढच्या महिन्याच्या पगाराची खात्री होती. १९८२च्या संपानंतर ही वाट बंद होत गेली. आज बीडचा ऊसतोड मजूर किंवा पुण्याच्या बांधकामावर जाणारी नांदेडची जोडी यांचे स्थलांतर त्या जातीचे नाही. ते हंगामी आहे, उचलीने बांधलेले आहे आणि मुले शाळेतून काढून सोबत न्यावी लागतात. इंजिनिअर झालेला लातूरचा मुलगा हिंजवडीत जातो, त्याला शहर मिळते. ऊसतोड मजुराला फड मिळतो. माणसे हलली की अंतर घटते हे विधान कोणत्या अटींवर हलली यावर अवलंबून आहे, आणि अटी ठरवणे हे सरकारचे काम आहे. घर सोडून जाणाऱ्याकडे घरी राहण्याचा पर्याय असेल तरच त्याला बाहेर बरी मजुरी मागता येते.

असा पर्याय देणारी एक योजना महाराष्ट्राने केली होती: रोजगार हमी. वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात १९६०च्या दशकात तिचा प्रयोग करून पाहिला, १९७२च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली, १९७७ला कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, पंधरा दिवसांत. न दिल्यास बेकारभत्ता. हिच्याकडे दुष्काळी कामे म्हणून पाहण्याची आपल्याला सवय आहे. खडी फोडणाऱ्या बायांचे चित्र डोळ्यांपुढे येते. मला तिचे महत्त्व दुसरीकडे दिसते. राज्याच्या सगळ्या ग्रामीण खर्चात ही एकच बाब अशी होती जिचा पैसा एकरावर, भांडवलावर किंवा सभासदत्वावर न जाता दिवसभराच्या श्रमावर जात होता. ज्याला त्याहून बरे काही मिळते तो खडी फोडायला येतच नाही, म्हणून लाभार्थी निवडायला दाखला लागत नव्हता. बायका मोठ्या संख्येने येत, कारण गावातल्या मालकापेक्षा इथे हजेरीपटावर स्वतःचे नाव होते. आणि काम उपलब्ध आहे एवढ्यानेच शेतावरच्या मजुरीची बोली वर सरकत होती.

तिचे दोषही सांगितले पाहिजेत. पाझर तलाव झाले, बांधबंदिस्ती झाली, पण पाझर तलावाचे पाणी ज्याच्या विहिरीला लागले तो जमीनवाला होता. १९९०नंतर योजनेला फळबागा जोडल्या त्याही जमिनीवाल्यांच्याच बांधावर. श्रम भूमिहीनाचे आणि मालमत्ता दुसऱ्याची. शेतकऱ्यांची तक्रार अशी होती, आणि आजही आहे, की सरकारी कामाने मजूर महाग होतो. ती तक्रार खरी आहे. किंबहुना मजूर महाग व्हावा हाच तर हेतू होता. पण कोरडवाहू शेतकऱ्याला सोयाबीनचा भाव मिळत नसेल तर तो वाढलेली मजुरी कुठून देणार? म्हणून मजुरीचे धोरण आणि भावाचे धोरण एकत्र आखायला हवे होते, आणि आपण एकाला दुसऱ्याविरुद्ध उभे केले. खरी कसोटी १९८८ला लागली. किमान वेतन जवळजवळ दुप्पट झाले आणि त्याबरोबर योजनेची मजुरीही वाढली. त्यानंतर हजेरी घसरली. काम मागणारे कमी झाले म्हणून नव्हे; कामे उघडणेच कमी झाले. कायद्यातला हक्क तसाच राहिला आणि तहसीलमध्ये नमुना ४ भरून दिल्यावर तारखेसह पोच मिळवणे ही एक वेगळी लढाई झाली. पोच नाही तर मागणी नाही, मागणी नाही तर भत्ता नाही. केंद्राने २००५ साली देशासाठी कायदा केला तेव्हा नमुना महाराष्ट्राचा होता, आणि या युक्त्याही बरोबर गेल्या.

आता असे विचारले जाईल की मग थेट पैसे देणाऱ्या योजना हेच उत्तर नाही का? शेतकऱ्याला केंद्राचे वर्षाला सहा हजार आणि राज्याचे सहा हजार मिळतात. पण ते सातबारावर मिळतात. भूमिहीन मजूर आणि दुसऱ्याची जमीन बटाईने करणारी विधवा दोघेही बाहेर. जुलै २०२४पासून लाडक्या बहिणीला दरमहा दीड हजार मिळू लागले, त्यात जमिनीची अट नाही. माझ्या कसोटीवर हे धोरण सातबाराच्या योजनेपेक्षा बरे ठरते, हे मान्य करायला मला संकोच नाही. घराच्या आत, बाईच्या खात्यात पैसा पोचतो. तरी एक फरक राहतो. दीड हजाराने महिन्याचा किराणा थोडा हलका होतो, पण मुकादमाची उचल नाकारता येत नाही. पावसाळ्यानंतर गावातच शंभर दिवसांचे काम खात्रीने मिळाले तर ती नाकारण्याचा विचार तरी करता येतो. शिवाय दर महिन्याला एवढी रक्कम बाहेर जाते तेव्हा चाऱ्या, शाळा, दवाखाने यांच्या खर्चावर ताण येतो, आणि तो ताण मागास तालुक्यांवर आधी पडतो.

पाणी आणि श्रम या दोन्हींचा मेळ घालणारी एक कल्पना पुरंदर तालुक्यात, नायगावला, विलासराव साळुंखे यांनी १९७२च्या दुष्काळानंतर करून दाखवली. पाणी पंचायतीत पाणी जमिनीच्या एकरांवर नसे, घरातल्या माणसांवर असे: माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, घराला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस नाही. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. ही कल्पना काही उपसा योजनांपुरती राहिली, राज्याच्या कालव्यांवर कधी आली नाही, आणि त्याची कारणे तांत्रिक नाहीत. माणसागणिक पाणी दिले तर कारखान्याचा गाळप हंगाम पुरा होत नाही, आणि कारखाना चालला नाही तर ज्या राजकारणाने तो उभा केला ते चालत नाही. तरी नव्या लाभक्षेत्रांपुरते, जिथे चाऱ्या अजून खोदायच्या आहेत तिथे, हे सूत्र लावणे अशक्य नाही. गोसीखुर्दच्या अपुऱ्या वितरिका ही त्या अर्थाने संधीसुद्धा आहे.

विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. ती पुन्हा यावीत अशी मागणी विदर्भ-मराठवाड्यातून होत असते आणि मलाही ती योग्य वाटते. पण जुनेच तक्ते घेऊन ती येणार असतील तर फारसा उपयोग नाही. तालुक्यागणिक शेतमजुरीचे दिवस आणि दर किती, हमीभावाने विकला गेलेला माल किती, किती कुटुंबे उचलीवर बाहेर जातात, गाळप हंगामात शाळेतून किती मुले गळतात, सरकारी साठ्याचे पाणी किती घरांना पोचले, हे मोजणे अशक्य नाही. यातले बरेच आकडे वेगवेगळ्या खात्यांत पडून आहेत. हे मोजले की निधी कुठल्या जिल्ह्याला याबरोबर कुणाला हा प्रश्न सभागृहात विचारावाच लागेल.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. रोजगार हमीचा खर्च भागवण्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर आला. शहरातल्या पगारदाराने गावातल्या मजुराच्या हक्कासाठी दिलेला हा कर, आणि मुंबईने तो फारशी कुरकुर न करता दिला. घटनेच्या अनुच्छेद २७६ने या कराला कमाल मर्यादा घातली आहे. ती आधी वर्षाला २५० रुपये होती. १९८८च्या घटनादुरुस्तीने २,५०० झाली आणि तिथेच थांबली. म्हणून आज बहुतेक पगारदारांच्या पगारपत्रकावर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, मग पगार तीस हजार असो की तीन लाख. चौदाव्या वित्त आयोगाने ही मर्यादा १२,००० रुपये करावी अशी शिफारस केली होती. ती अमलात आणायला घटनादुरुस्ती लागते, एकट्या महाराष्ट्राच्या हातात ते नाही. पण महाराष्ट्राच्या अठ्ठेचाळीस खासदारांनी प्रदेशांच्या भांडणाबाहेर येऊन संसदेत एकदिलाने मागावी अशी ही गोष्ट आहे, आणि ती मागताना कोणत्या विभागाचा अनुशेष किती हे आधी ठरवावे लागत नाही.